उणे अठराची नोंद

४ मार्च, सोमवार

खांद्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे की उजवा हात रोज किती वर जातो ते वहीत लिहून ठेवायचं. आज लिहिलं: कानापर्यंत. खरं म्हणजे खांद्याच्या जरा वर गेला आणि तिथे अशी कळ आली की डोळ्यांत पाणी आलं. पण बाईंना पहिल्याच दिवशी निराश कशाला करायचं? म्हणून ही दुसरी वही. ही कोणी वाचणार नाही, तेव्हा इथे खरं लिहायला हरकत नाही.

आज गोदामात महिन्याची तपासणी. आमच्याकडे लसी साठवतात आणि तापमान मोजणारी सगळी यंत्रं माझ्या ताब्यात असतात. मोठ्या शीतखोलीत जानेवारीत तीन नवे डिजिटल सेन्सर बसवले. बसवण्याआधी मीच ते दोन ठिकाणी जुळवून घेतले होते, बर्फाच्या पाण्यात शून्यावर आणि कोमट पाण्यात चाळीसवर. आज पुन्हा थर्मासात बर्फाचे तुकडे टाकले, वर पाणी ओतलं, सेन्सर तळापर्यंत सोडले. दहा मिनिटांनी तिन्ही शून्यावर. कामाला वीस वर्षं झाली तरी तीन आकडे असे ओळीत उभे राहिले की मला अजून बरं वाटतं.

पूर्वी अर्धा तास बर्फ कुटत बसायचे. आता मशीनमधून चौकोनी तुकडे तयार मिळतात, मग कशाला दमायचं? डिसेंबरात खांदा धरला तेव्हापासून कुटणं बंदच केलं आहे. कोणाला सांगितलेलं नाही. हात चालत नाही असं मॅनेजरच्या कानावर गेलं तर उद्या माझ्या टेबलावर दुसरं कोणी बसेल.

५ मार्च, मंगळवार

जाऊबाईंचं आणि माझं वाजलं. त्या गोदामाच्या भांडारपाल. घर एक, स्वयंपाकघर एक, आणि नोकरीची जागाही एकच. ही नोकरी त्यांना मी लावून दिली, हे त्या विसरल्या आहेत आणि मी विसरलेले नाही.

झालं असं की शीतखोलीच्या नोंदवहीत सेन्सरचा आकडा लिहायचा असतो. त्यांनी लिहिला, उणे तेवीस. पण शेजारी शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात आणखी एक: ‘काचेचा उणे अठरा.’ आत फळीवर एक जुनाट काचेचा थर्मामीटर टांगलेला आहे, ज्याचं प्रमाणपत्र संपून सहा वर्षं झाली. मी मागची पानं चाळली. जानेवारीपासून रोज हाच प्रकार.

“ताई, हे कशाला लिहिता?”

“दिसतं म्हणून लिहिते.”

“तो थर्मामीटर मोडीत काढलाय.”

“मोडीत काढलाय, पण मोडलेला नाही ना? जुने सेन्सर होते तोवर दोघांचं एकच यायचं. आता पाचचा फरक येतो. ते तू बघ.”

मी बघ! तीन सेन्सर एका बाजूला आणि एक काचेची नळी दुसऱ्या बाजूला, यात बघायचं काय? म्हटलं, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. त्यांनी नोंदवही उचलली आणि गेल्या.

संध्याकाळी मोठं पातेलं वरच्या फळीवरून काढायला गेले तर ते आधीच खाली ओट्यावर. हल्ली रोज असंच असतं. किती कामसू आहोत हे सासूबाईंना दाखवायचं असतं, दुसरं काय.

८ मार्च, शुक्रवार

गोदामात गोंधळ. लांबच्या गावांच्या गाड्या या आठवड्यात सुरू झाल्या. त्या खोक्यांत लसीभोवती मिठाच्या पाण्याच्या पिशव्या ठेवतात. हे पाणी साधं नव्हे, ते उणे एकवीसला गोठतं. पिशव्या दोन दिवस आधी शीतखोलीत ठेवल्या की दगड होतात. आज ड्रायव्हरने एक पिशवी कानाशी धरून हलवली आणि सगळ्यांना ऐकवली. खळखळ, खळखळ.

खोलीत उणे तेवीस आणि पिशवीत पाणी. मॅनेजरने नोंदवही मागवली. पिशव्या बुधवारी सकाळी आठला ठेवल्या अशी जाऊबाईंची नोंद. मॅनेजर म्हणाला, “बुधवारी ठेवल्या असत्या तर गोठल्या असत्या. आज सकाळी ठेवल्या आणि बुधवार लिहिलात.”

“बुधवारीच ठेवल्यात, साहेब.”

“मग पाणी कसं?”

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सेन्सर सोमवारीच तपासलेत, ठीक आहेत. खरं तेच सांगितलं. त्या नजरेत एवढं काय होतं कोण जाणे, डबा न उघडताच घरी आणला.

९ मार्च, शनिवार

सुट्टी असूनही दोनदा गोदामात जाऊन आले. नवऱ्याने विचारलं, “चूल पेटती ठेवून आलीस का तिकडे?”

पहिल्या खेपेला सेन्सरच्या वायरी बदलल्या. उणे तेवीस. दुसऱ्या खेपेला पंख्याच्या झोतातला सेन्सर काढून कोपऱ्यात लावला, कारण झोतात आकडा जास्त थंड दिसू शकतो. कोपऱ्यात उणे बावीस पूर्णांक सहा. म्हणजे झोताचाही दोष नाही. काचेच्या थर्मामीटरकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. उणे अठरा.

माझा मुख्य थर्मामीटर, ज्याला अजून प्रमाणपत्र आहे, तो शून्याच्या खाली चालतच नाही. नाहीतर एका मिनिटात निकाल लागला असता.

हात: खांद्याइतका. बाईंच्या वहीत: कानाच्या वर.

१२ मार्च, मंगळवार

पुन्हा पाणी. पुढच्या वेळी पिशव्या ठेवताना मॅनेजरने स्वतः का उभं राहू नये, असं जाऊबाई म्हणाल्या. ते त्याला लागलं. भांडारपालाने मला शिकवायचं का, असं सगळ्यांसमोर बोलला. वरच्या कार्यालयातून चौकशी अधिकारी बावीसला येणार. खोटी नोंद सिद्ध झाली तर नोकरी जाते, त्यात दंड-ताकीद असलं काही नसतं. तोवर जाऊबाईंनी नोंदवहीला हात लावायचा नाही, फक्त माल उचल-ठेव करायची. ती नोंदवही माझ्या कपाटात आली आहे.

सेन्सरवाल्या कंपनीला फोन केला. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. म्हणाला, फार थंडीत अर्ध्या अंशाचा फरक पडू शकतो. अर्धा! मी पाचबद्दल विचारतेय. म्हणाला, “मॅडम, पाचचा फरक एका सेन्सरमध्ये येऊ शकतो. तिन्हींत सारखाच येणार नाही. तिन्ही एकदम कसे बिघडतील?” हेच मीही म्हणत होते. मग फोन ठेवल्यावर मला हायसं का वाटलं नाही?

१४ मार्च, गुरुवार

मॅनेजरने माझा लेखी अहवाल मागितला. लिहिला. ‘तिन्ही सेन्सर अचूक आहेत. सबब भांडारपालांच्या नोंदी विश्वासार्ह मानता येत नाहीत.’ दुसरं वाक्य त्याने सांगितलं आणि मी लिहिलं. लिहिताना हात दुखत होता, खांदा नव्हे, हात. पण पहिलं वाक्य खरं असेल तर दुसरं आपोआपच येतं. यंत्र कोणाच्या बाजूचं नसतं.

घरी सासूबाईंनी जेवताना विचारलं, “काय चाललंय तुमच्या ऑफिसात? थोरलीचं तोंड एवढंसं झालंय.”

जाऊबाई भात वाढत होत्या. मी म्हटलं, “आई, यंत्रं खोटं बोलत नाहीत.”

तेवढंच बोलले. मोठे दीर ताटावरून उठले. सासूबाईंनी थोरलीकडे पाहिलं ते चांगलं पाहिलं नाही. नवरा आत आल्यावर म्हणाला, “वहिनी खोटं लिहिणाऱ्यांतल्या वाटतात का तुला?” मी म्हटलं, वाटण्याचा प्रश्न नाही. तो म्हणाला, “मग कशाचा आहे?” आणि कूस वळवून झोपला. या माणसाला मोजमापातलं काही कळत नाही.

१८ मार्च, सोमवार

तीन दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही केलंही नाही. नुसती शीतखोलीच्या दारापर्यंत जाते आणि परत येते. आज अकरा वेळा गेले, मोजलं. दारावरचा आकडा बदलत नाही, मला मात्र एका जागी बसवत नाही. सेन्सरवर ओल धरली असेल म्हणून एक पुसून कोरडा केला. उणे तेवीस. बॅटऱ्या बदलल्या. उणे तेवीस. मिस्त्रीला बोलावून यंत्राचा गॅस बघायला लावला. तो म्हणाला, “यंत्र उत्तम आहे, तुम्ही सांगाल तेवढं थंड करतंय.” मी सांगेन तेवढं! मी कोण सांगणार, सेन्सर सांगतो त्याला.

आता हात शर्टाच्या वरच्या बटणापर्यंतही जात नाही. बाईंच्या वहीत ‘प्रगती आहे’ असं लिहिलं.

सकाळी केस बांधता येईनात. क्लिप तोंडात धरून आरशासमोर उभी होते तर जाऊबाई मागून आल्या, न बोलता केस गोळा केले, बांधले आणि गेल्या. आठवडाभरात आम्ही एक शब्द बोललेलो नाही. मला वाटतं त्यांना चौकशीची भीती वाटायला लागली आहे आणि मला मऊ करायचा विचार आहे.

२० मार्च, बुधवार



सकाळी ओट्यापाशी आम्ही दोघीच होतो. जाऊबाई आपणहून बोलल्या. “गोदामात भिंतीपलीकडे तू आहेस की नाही, हल्ली कळतच नाही. पूर्वी महिन्याच्या पहिल्या सोमवारी तुझं धपधप, धपधप चालायचं. माझं डोकं उठायचं. जानेवारीपासून शांत आहे. बरं केलंस. त्या खांद्याने कसं कुटणार?”

मी विचारलं, “खांद्याचं कोणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगायला कशाला हवं? पातेली कोण उतरवतंय मग?”

मी चहा तसाच ठेवला आणि गोदामात आले. कोट न काढता थर्मास भरला, जानेवारीत भरला होता तसाच. चौकोनी तुकडे, वर पाणी. मग वीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. सेन्सरऐवजी मुख्य थर्मामीटर तळाला सोडला. बर्फात थर्मामीटर कोणी घालत नाही. बर्फ म्हणजेच शून्य, त्याला काय मोजायचं, असं मी नव्या लोकांना शिकवत आले.

तीन.

दहा मिनिटं थांबले, वीस थांबले. तीनच. बर्फ सगळा वर तरंगत होता आणि तळाशी नुसतं पाणी, तीन अंशांचं. बर्फ बारीक कुटून तळापर्यंत ठासायचा असतो, पाणी फक्त फटी बुजवायला घालायचं असतं. हे मला माहीत नव्हतं का? झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं. मी तिन्ही सेन्सरना तीन अंशांच्या पाण्यात बुडवलं आणि बजावलं, याला शून्य म्हणा. ते बिचारे म्हणतात. तिन्ही एकाच थर्मासातून निघालेले, तिन्हींची चूक एकच.

कागदावर मांडून पाहिलं. चाळीसपाशी चूक नाही, म्हणून साध्या खोलीत सेन्सर जेमतेम सव्वा अंशाने चुकतो, आणि तेवढ्याकडे कोण बघतं? शून्यापाशी तीनची चूक. त्याच्या खाली जावं तशी ती वाढतच जाते. खोली खरोखर उणे अठरा असेल तर सेन्सर दाखवेल जवळजवळ उणे तेवीस.

उणे अठरा. त्यांनी रोज लिहिलं होतं.

लसी वाचल्या, त्यांना उणे पंधरा पुरतं. पिशव्या गोठल्या नाहीत. आणि एका बाईची नोकरी परवा जाणार आहे.

नंतर जे केलं तेही लिहिते. यंत्र चालू-बंद करणारा सेन्सर काढून आणला. मूठभर बर्फ फडक्यात बांधून डाव्या हाताने कसाबसा कुटला, त्यात सेन्सर नीट जुळवला आणि दुपारी परत बसवला. कोणाला बोलले नाही. मनात हिशेब झाला होता. खोली आता खरी उणे तेवीस होईल, पिशव्या गोठतील, लसी आणखी सुरक्षित. उरलेले दोन पुढच्या आठवड्यात. माझा अहवाल तसाच राहील. कोणालाच काही कळणार नाही.

कोणालाच म्हणजे कोणाला, हा विचार मी पुढे नेला नाही.

२१ मार्च, गुरुवार

यंत्र सकाळपासून न थांबता घरघरतंय. त्या दोन सेन्सरवर आता उणे अठ्ठावीस दिसतं, म्हणून दारावरच्या त्यांच्या पाट्यांना ‘दुरुस्तीत’ असं चिकटवून टाकलं. मॅनेजरने विचारलंही नाही. माझी सही असली की तो वाचत नाही.

२२ मार्च, शुक्रवार

सकाळी ड्रायव्हरने पिशवी उचलली, हलवली. आवाज नाही. टेबलावर आपटली, लाकडासारखी वाजली. तो जाऊबाईंना म्हणाला, “बघा, वेळेवर ठेवल्या की कशा होतात! आधीच ठेवल्या असत्या तर एवढं रामायण झालं नसतं.”

त्या पिशवी हातात घेऊन पाहत राहिल्या. “मी त्याच वेळी ठेवल्या होत्या,” एवढंच म्हणाल्या, आणि तेही त्याला नाही, त्या पिशवीलाच. आपलंच काही चुकत होतं की काय, असा चेहरा होता. दोन महिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या आकड्यावर त्या बाईचा विश्वास उडताना मी पाहिला. मला शरम वाटली. इतकी कधी वाटली नव्हती.

चौकशी अकराला. अधिकारी म्हणजे पिकल्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या बाई. त्यांनी माझा अहवाल वाचून दाखवला आणि विचारलं, “यात काही बदल?”

“आहे,” म्हटलं. “पहिलं वाक्य खोटं आहे. त्यामुळे दुसरंही.”

मॅनेजर म्हणाला, “काय बोलताय?”

थर्मास मागवले, दोन. एकात तुकडे आणि पाणी घातलं. दुसऱ्यासाठी बर्फ कुटायला हवा होता. हातोडा उचलला आणि तो कंबरेच्या वर जाईना. सगळे बघत होते. अधिकारीबाईंनी विचारलं, “हाताला काय झालंय?”

“खांदा धरलाय, डिसेंबरपासून. म्हणूनच बर्फ कुटला नाही. आणि म्हणूनच कोणाला सांगितलं नाही.”

कोणी पुढे होईना. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. जाऊबाई उठल्या, माझ्या हातातून हातोडा घेतला आणि कुटायला लागल्या. पदर खोचून, दोन्ही हातांनी, टेबलावरचे कप हलावेत असं. माझ्याकडे बघितलं नाही. मॅनेजर म्हणाला, पुरे झालं. त्या थांबल्या नाहीत, पार चुरा होईपर्यंत कुटत राहिल्या. नंतर विचारलं, “एवढा बारीक पुरे?”

“पुरे, ताई.”

एका थर्मासात मुख्य थर्मामीटरने तीन दाखवलं, दुसऱ्यात शून्य. ‘दुरुस्तीत’ चिकटवलेल्या दोनांतला एक सेन्सर काढून आणून चुऱ्यात घातला तर तो उणे तीनच्याही खाली गेला. अधिकारीबाईंनी नोंदवही मागितली. शेऱ्याचा रकाना बोटाने वरून खाली वाचत गेल्या, पान उलटलं, पुन्हा वाचत गेल्या. मग जाऊबाईंना म्हणाल्या, “या सगळ्या नोंदी तुमच्या?”

“हो.”

“कोणी विचारलं नाही तुम्हाला?”

“विचारलं होतं,” जाऊबाई म्हणाल्या. “चष्म्याचा नंबर.”

त्यांच्यावरचा आरोप तिथल्या तिथे काढला. माझी सही सहा महिने चालणार नाही. बुधवारी गुपचूप सेन्सर बदलला तेही मी सांगितलं, त्याची वेगळी चौकशी होईल. होऊ दे.

२३ मार्च, शनिवार

कचेरीत बोलणं सोपं होतं. तिथे थर्मास होते, आकडे होते. घरी नुसतं टेबल आणि ताटं.

काल रात्री जेवायला मोठे दीर बसले नव्हते. आज दुपारी जाऊबाईंनी त्यांना बोलावून आणलं. सगळे बसल्यावर मी उभी राहिले. उभं राहायची काही गरज नव्हती, पण बसून बोलता आलं नसतं. म्हटलं, “आई, मी त्या दिवशी म्हणाले होते यंत्रं खोटं बोलत नाहीत. यंत्रांना मीच खोटं शिकवलं होतं. ताईंची प्रत्येक नोंद खरी होती. मी त्यांना खोटं ठरवलं, ऑफिसात आणि इथेही. आणि चूक सापडल्यावर दोन दिवस लपवली.”

नवरा ताटात बघत होता. दिरांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

सासूबाई थोरलीकडे वळल्या. आवाज चढलेला. “आणि तू गं? एवढं सगळं झालं, आम्ही नाही नाही ते मनात आणलं. तोंड शिवलं होतं का तुझं? बोलली का नाहीस?”

जाऊबाई माझ्या ताटात भात वाढत होत्या. त्या वाढायच्या थांबल्या नाहीत.

“बोलले होते की,” त्या म्हणाल्या. “दोन महिने रोज लिहीत होते.”

मी खाली बसले आणि जेवले.